डॉ. रुडॉल्फ फिरखो : चुकलेले नाव आणि न चुकलेला विचार

शास्त्रज्ञांची चरित्रे आपण शाळेच्या पुस्तकांतून वाचलेली असतात. बहुतेक चरित्रांत शास्त्रज्ञ लहानपणी गरीब असतो, पुढे एखादा शोध लावतो, आधी लोक हसतात आणि शेवटी जग त्याला मान देते. डॉ. रुडॉल्फ फिरखो यांचे चरित्र या साच्यात सहजासहजी बसत नाही. वैद्यकशास्त्रात त्यांचे नाव फार मोठे आहे. पॅथॉलॉजी, म्हणजे विकृतिविज्ञान, आज ज्या पायावर उभे आहे तो पाया त्यांनी घातला. तरीही त्यांच्या हातून काही ठळक चुका झाल्या. त्यांतली एक चूक आजही जगातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात रोज उच्चारली जाते. ती म्हणजे ‘अमायलॉइड’ हा शब्द. त्याचा अर्थ पिष्टासारखा, म्हणजे स्टार्चसारखा पदार्थ. प्रत्यक्षात तो पदार्थ पिष्ट नव्हता, ते प्रथिन होते. पण ते प्रथिन असे का होते, याचे उत्तर शोधता शोधता आजचे शास्त्रज्ञ ज्या विचारापाशी पोहोचले आहेत, तो विचार फिरखोंनी तरुणपणी वेगळ्याच संदर्भात मांडला होता. त्या दृष्टीने त्यांचे चरित्र आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही पाहण्यासारखे आहे.

फिरखोंचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनिया प्रांतातील शिफेलबाइन या लहान गावी झाला. त्या वेळी हे गाव प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. वडील शेती करीत आणि गावच्या खजिन्याचे काम पाहत. घरची स्थिती बेताची होती, पण मुलगा हुशार निघाला. १८३९ मध्ये बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. तेथे योहानेस म्युलर यांच्यासारखे थोर गुरू लाभले. १८४३ मध्ये पदवी घेऊन ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काम करू लागले.

त्या काळी रोगाचे कारण सांगताना शरीरातील रस बिघडले असे सांगण्याची पद्धत युरोपातही होती. आपल्याकडील वात-पित्त-कफ ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. फिरखोंनी मात्र शवविच्छेदन आणि सूक्ष्मदर्शक यांची कास धरली. १८४५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. ल्युकेमिया हे नाव पुढे त्यांनीच दिले. रक्ताची गुठळी एका जागी तयार होऊन प्रवाहाबरोबर दुसरीकडे जाऊन अडकते, हेही त्यांनी प्रयोगांनी दाखविले. १८४७ मध्ये त्यांनी आपले मित्र राइनहार्ट यांच्यासह एक संशोधनपत्रिका सुरू केली. ती आजही फिरखोंच्याच नावाने प्रसिद्ध होते.

इथपर्यंतची कहाणी एका हुशार डॉक्टरची आहे. १८४८ साली मात्र तिने निराळे वळण घेतले. पुण्यात ज्या साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेच हे साल. अप्पर सायलेशिया या प्रांतात टायफस तापाची भयंकर साथ आली होती. आधीची पिके बुडालेली, लोक उपाशी. वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या तेव्हा सरकारला जाग आली आणि चौकशीसाठी जे डॉक्टर पाठविले गेले त्यांत सव्वीस वर्षांचे फिरखो होते. ते तेथे जेमतेम तीन आठवडे राहिले.

त्यांनी काय पाहिले? वस्ती बहुतांशी पोलिश भाषा बोलणाऱ्या गरीब शेतकऱ्यांची आणि मजुरांची. अधिकारी जर्मन बोलणारे. शाळा नावापुरत्या. एकेका कोंदट खोलीत माणसे आणि कधी जनावरेही एकत्र. जमीन मोठ्या जमीनदारांची. अंगावर धड कपडा नाही आणि खायला बटाट्याशिवाय फारसे काही नाही. तोही त्या वर्षी कुजलेला. अशा लोकांना कोणते औषध द्यावे हा प्रश्नच फिरखोंना अपुरा वाटला. त्यांनी परत येऊन जो अहवाल लिहिला त्यात औषधांना दुय्यम जागा होती. लोकांना शिक्षण द्या, तेही त्यांच्या भाषेत; रस्ते बांधा; शेती सुधारा; करांचा बोजा गरिबांवरून काढून श्रीमंतांवर टाका; आणि कारभार लोकांच्या हाती द्या, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. रोगाचे बीज काहीही असो, ते कोणत्या परिस्थितीत फोफावते हे पाहिल्याशिवाय रोग कळत नाही, हे त्यांचे मुख्य सांगणे होते.

सरकारला हा अहवाल रुचणे शक्यच नव्हते. त्यातून फिरखो बर्लिनला परतले ते मार्च १८४८ मध्ये, म्हणजे क्रांतीच्या ऐन धामधुमीत. रस्त्यावर अडथळे उभारणाऱ्यांत तेही सामील झाले. पुढे वर्षभर त्यांनी वैद्यकीय सुधारणेला वाहिलेले एक साप्ताहिक चालविले. क्रांती फसली आणि १८४९ मध्ये त्यांना बर्लिनच्या जागेवर पाणी सोडावे लागले. बव्हेरियातील वुर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना बोलाविले. पुढच्या वर्षी त्यांचा रोझ मायर यांच्याशी विवाह झाला. वुर्त्सबुर्गची सात वर्षे त्यांच्या संशोधनाच्या दृष्टीने फार फलदायी ठरली. अमायलॉइडची कथा तेथेच सुरू होते.

दीर्घकाळ क्षयाने, हाडांतील वाहत्या जखमांनी किंवा उपदंशाने आजारी राहून मेलेल्या माणसांचे शवविच्छेदन करताना डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसे. यकृत, प्लीहा किंवा मूत्रपिंड मोठे आणि घट्ट झालेले असे. कापले तर आतून मेणासारखे तुकतुकीत दिसे. काही जण त्याला मेणासारखा रोग म्हणत, काही चरबीसारखा. त्याआधी मेंदूत आणि मज्जारज्जूत सापडणाऱ्या काही सूक्ष्म गोल कणांवर फिरखोंनी एक साधा प्रयोग केला होता. त्यांनी त्यावर आयोडीन टाकले. कण फिकट निळसर झाले. मग त्यावर गंधकाम्ल टाकले तेव्हा जांभळा रंग आला. बटाट्याच्या फोडीवर किंवा भाताच्या शितावर आयोडीन टाकले की निळा-काळा रंग येतो हे आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिले आहे. वनस्पतीतील पिष्ट आणि सेल्युलोज ओळखण्याची तीच परीक्षा होती. तेव्हा हा पदार्थ त्याच जातीचा असला पाहिजे असे समजून १८५४ मध्ये फिरखोंनी त्याला ‘अमायलॉइड’ हे नाव दिले. पुढे यकृत-प्लीहेतील मेणचट पदार्थालाही तेच नाव लागू झाले.

प्राण्याच्या शरीरात वनस्पतीसारखा पदार्थ सापडला ही मोठीच बातमी होती. पण १८५९ मध्ये वुर्त्सबुर्गच्याच परंपरेतील निकोलाऊस फ्रीडरिख यांनी रसायनशास्त्रज्ञ केकुले यांच्या मदतीने एका रुग्णाच्या मेणचट प्लीहेचे रासायनिक पृथक्करण केले. हेच केकुले पुढे बेन्झिनच्या षटकोनी कड्यामुळे प्रसिद्ध झाले. त्यांना त्या पदार्थात पिष्टाचा मागमूस लागला नाही. उलट त्यातील नायट्रोजनचे प्रमाण प्रथिनासारखे निघाले. म्हणजे नाव चुकले होते. गंमत अशी की मेंदूतील जे गोल कण फिरखोंनी प्रथम तपासले ते खरोखरच मुख्यतः शर्करेच्या साखळ्यांचे बनलेले असतात, हे पुढे सिद्ध झाले. त्यांची परीक्षा त्या कणांपुरती ठीक होती. दोन वेगळ्या पदार्थांना एक मानणे ही चूक होती. तोपर्यंत नाव रूढ झाले होते आणि ते आजतागायत टिकले आहे.

१८५६ मध्ये बर्लिनने फिरखोंना सन्मानाने परत बोलाविले. १८५८ मध्ये त्यांच्या वीस व्याख्यानांचे पुस्तक निघाले. आजार हा शरीरातील पेशींचा आजार असतो आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हा त्याचा गाभा. पेशीविषयीची ही कल्पना रॉबर्ट रेमाक यांनी त्याआधी मांडली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण तिच्यावर संपूर्ण वैद्यकाची इमारत फिरखोंनी उभी केली.

१८५९ पासून मरेपर्यंत ते बर्लिनचे नगरसेवक होते. त्या वेळच्या बर्लिनमध्ये रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून घाण वाहत असे. फिरखोंनी आकडेवारी गोळा केली, अहवाल लिहिले आणि अभियंता होब्रेख्ट यांच्या भुयारी गटार योजनेचा पाठपुरावा केला. १८७३ च्या सुमारास काम सुरू झाले. नगरपालिकेची रुग्णालये, मांसाची तपासणी, शाळांतील आरोग्य या सर्व बाबींत त्यांचा हात होता. प्रशियाच्या विधिमंडळात ते बिस्मार्कचे कडवे विरोधक होते. १८६५ मध्ये चिडलेल्या बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, पण ते युद्ध झाले नाही. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी ते १८५९ मध्ये नॉर्वेला गेले. १८७९ मध्ये ते श्लीमान यांच्याबरोबर ट्रॉयच्या उत्खननावर होते. जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांची, डोळ्यांची आणि त्वचेच्या रंगाची पाहणी त्यांनी करविली आणि शुद्ध जर्मन वंश ही कल्पना टिकत नाही असे दाखविले. पुढच्या शतकात त्या देशात जे घडले ते पाहता या कामाचे मोल कळते.

या माणसाच्या चुका झाकून ठेवण्याचे कारण नाही. बाळंतिणीला ताप येतो तो डॉक्टरांच्या अस्वच्छ हातांमुळे, हे सेमेलवाइस सांगत होते तेव्हा फिरखोंनी त्यांना साथ दिली नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखविला तेव्हाही त्यांनी जंतूंना रोगाचे एकमेव कारण मानायला नकार दिला. निअँडरथल मानवाची कवटी त्यांना रोगाने विकृत झालेल्या आधुनिक माणसाची वाटली. जंतूंच्या बाबतीत इतिहासाने कॉख यांच्या बाजूने निकाल दिला. तरी क्षयाचा जंतू शरीरात असूनही बहुतेकांना क्षय होत नाही आणि कोंदट घरातल्या उपाशी माणसाला तो लवकर होतो, ही गोष्ट आपण आजही नाकारू शकत नाही.

जानेवारी १९०२ मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर चालत्या ट्रॅममधून उतरताना ऐंशी वर्षांचे फिरखो पडले आणि मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पुरते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे अमायलॉइडचे काय झाले ते थोडक्यात पाहू. १९०६ मध्ये आलॉइस आल्त्सहायमर यांनी स्मृती हरवलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत साचलेले पुंजके दाखविले. आपण ज्याला अल्झायमर म्हणतो तो हाच आजार. १९५९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळले की हा मेणचट पदार्थ म्हणजे असंख्य बारीक तंतू आहेत. एका तंतूची जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतकी. पुढे क्ष-किरणांनी दाखविले की या तंतूत प्रथिनांच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असतात.

मग प्रश्न आला तो हा की चांगले प्रथिन असे का वागते? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती विशिष्ट पद्धतीने घडी घालून बसली तरच तिचे काम होते. एखाद्याच्या माळेत जन्मजात एखादा मणी बदललेला असतो आणि म्हणून घडी बिघडते, हे काही रुग्णांत खरे आहे. पण अनेकांत माळ अगदी निर्दोष असते. बदललेला असतो तो तिच्या भोवतालचा रासायनिक परिसर.

इन्शुलिनचे उदाहरण घ्या. मधुमेहाच्या रुग्णाला जीव देणारे हे प्रथिन. ते आम्लात घालून तापविले की त्याची घडी सुटते आणि तंतू तयार होतात, हे डेव्हिड वॉ यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखविले. इन्शुलिनची बाटली उन्हात ठेवू नये, जोराने हलवू नये असे औषधवाला सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे. कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम तीव्र आम्लात काही दिवस गरम ठेवले तर तेही तंतू बनते. १९९८ नंतर ख्रिस्तोफर डॉब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून धक्कादायक गोष्ट सांगितली. ज्या प्रथिनांचा कोणत्याही अमायलॉइड रोगाशी संबंध नाही, तीही योग्य, किंवा अयोग्य म्हणा, परिसरात तंतू होतात. स्नायूतील मायोग्लोबिनसारखे साधे प्रथिनही त्यातून सुटले नाही. तंतू होण्याची शक्यता जवळजवळ प्रत्येक प्रथिनात दडलेली आहे. ती बाहेर काढणाऱ्या गोष्टी म्हणजे आम्लता, उष्णता, क्षारांचे प्रमाण, धातूंचे कण, प्रथिनाची दाटी आणि भोवती असणारे इतर रेणू.

यात सरसकट नियम सांगता येत नाही, हे विशेष. जस्त इन्शुलिनच्या सहा-सहा रेणूंना एकत्र बांधून त्याला तंतू होण्यापासून वाचविते. तेच जस्त अल्झायमरमधील प्रथिनाला मात्र ओढून गुठळ्या करते. शरीरातील अमायलॉइडबरोबर गंधकयुक्त शर्करेच्या लांब साखळ्या नेहमी सापडतात आणि प्रयोगशाळेत अशा साखळ्या घातल्या तर अनेक प्रथिनांचे तंतू लवकर तयार होतात. फिरखोंनी शर्करेच्या जातीचा पदार्थ म्हटले ते चुकले, पण शर्करा त्या प्रथिनाच्या शेजारी होती. आणखी एक गोष्ट : दुधाला विरजण लागते तसे येथेही होते. सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही. एकदा लहानसे बीज तयार झाले की मग तंतू झपाट्याने वाढतात. ही तुलना केवळ वेळापुरती. दह्यातील प्रथिन अमायलॉइड नव्हे.

परिसराचा प्रभाव किती मोठा, याचे एक सुंदर उदाहरण २००९ मध्ये पुढे आले. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झालेले समीर माजी आणि त्यांचे परदेशातील सहकारी यांनी दाखविले की पियुषिका ग्रंथी आपली कित्येक संप्रेरके अमायलॉइड तंतूंच्या रूपात साठवून ठेवते. ग्रंथीतील त्या सूक्ष्म पिशव्यांत आम्लता असते. तेथे तंतू टिकतात. पिशवी फुटून ते रक्तात आले की तेथील सौम्य अल्कधर्मी परिसरात विरघळतात आणि संप्रेरक कामाला लागते. म्हणजे तोच तंतू एका ठिकाणी रोग, तर दुसऱ्या ठिकाणी कोठार.

आता पुन्हा फिरखोंच्या शवविच्छेदनाच्या टेबलाकडे वळू. त्यांनी पाहिलेली ती मेणचट मूत्रपिंडे कोणाची होती? वर्षानुवर्षे क्षयाने खंगलेल्या, हाडे सडलेल्या गरिबांची. आज आपल्याला त्याचे कारण ठाऊक आहे. शरीरात दाह दीर्घकाळ चालू राहिला की यकृत एक विशिष्ट प्रथिन नेहमीपेक्षा कधी कधी हजारपट अधिक तयार करते. काही दिवसांच्या तापात त्याने बिघडत नाही. पण वर्षानुवर्षे ही दाटी टिकली तर त्या प्रथिनाचे तुकडे तंतू होऊन मूत्रपिंडात साचतात आणि अखेर मूत्रपिंड निकामी होते. क्षय आणि उपचाराविना राहिलेला कुष्ठरोग ही याची जुनी कारणे. युरोपातून क्षय ओसरला तसा या प्रकारचा अमायलॉइडही तेथे कमी झाला. भारतात क्षय अजून त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे.

आपल्या पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. तेथील कामाकडे आपण सेवा म्हणून आदराने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण कुष्ठरोग्याला वेळेवर औषध आणि राहायला चांगली जागा मिळणे याचा अर्थ त्याच्या बोटांपुरता नाही. त्याच्या शरीरातला तो दीर्घ दाह थांबतो, यकृतातून येणारा प्रथिनाचा लोंढा ओसरतो आणि मूत्रपिंडात तंतू साचण्याची वेळ टळते. क्षयाच्या गोळ्या सहा महिने न चुकता घेणाऱ्या माणसाचेही तसेच आहे. त्याच्या घरात हवा आणि उजेड आहे की नाही, त्याला पोटभर अन्न मिळते की नाही, हा प्रश्न त्याच्या शरीरातील प्रथिनांपर्यंत जाऊन पोहोचतो.

फिरखोंनी सायलेशियात माणसांचा परिसर पाहिला आणि वुर्त्सबुर्गमध्ये अमायलॉइड पाहिले. या दोन गोष्टींमधला धागा त्यांच्या हाती लागला नाही. त्यासाठी लागणारे रसायनशास्त्र त्या काळी नव्हते. आज तो आपल्यासमोर आहे. प्रथिन कोणते हे जसे विचारायचे तसे ते कशात बुडलेले आहे हेही विचारायचे, आणि माणूस आजारी कशाने हे विचारताना तो राहतो कसा हेही विचारायचे. सव्वीस वर्षांच्या एका डॉक्टरने १८४८ मध्ये हे विचारले आणि त्याची किंमत म्हणून नोकरी गमावली. आपल्यापैकी जे पुढे शिक्षक, पत्रकार, समाजसेवक किंवा नगरसेवक होतील त्यांना हे विचारण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज लागणार नाही.